बाभळीपर्यंत तेज, अंजनापुढे गार: ५८ सीसीचं स्वस्त चेनसॉ मशीन

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठंही शेती-अवजारांच्या दुकानात जा, ५८ सीसीचं पेट्रोल मशीन दिसतंच. स्टिकर वेगवेगळे, आतला माल बहुतेक सारखाच. खोक्यात २२ इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लोखंडी पट्टी), चेन, पाना-स्क्रूड्रायव्हर आणि पेट्रोल-ऑइल मिसळायची खुणांची बाटली. किंमत बहुतेक ठिकाणी दहा हजारांच्या आत. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब आणि वादळात रस्त्यावर आडवं पडलेलं झाड एवढ्यासाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पैसे फिटतात. सातपुड्याच्या पायथ्याचं कठीण लाकडाचं अंजनाचं झाड किंवा शंभर वर्षांची चिंच रोजच्या कामात असेल तर हे मशीन तुमचं नाही.

सीसीच्या आकड्यावर भाळू नये. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं मशीन २.३ किलोवॅट ताकद देतं आणि बार-चेन सोडून ४.६ किलो भरतं. ही ५८ सीसीवाली ताकदीला साधारण तिथंच असतात, हातात मात्र जड लागतात. अंजनासारख्या लाकडाला ७० सीसीच्या पुढचं इंजिन लागतं. स्टिलचंच एमएस ३८२ हे ७२.२ सीसी आणि ३.९ किलोवॅटचं आहे, ते त्या कामाचं. किंमत अर्थात वेगळ्याच पायरीची.

२२ इंची बार ही या मशीनची सगळ्यात मोठी चूक. दिसायला रुबाबदार, पण पूर्ण बार ओल्या चिंचेत गाडला की इंजिनाचा आवाज बसतो. मग माणूस वरून जोर देतो, क्लच घसरतो, ड्रम तापून निळा पडतो. १८ इंची बार आणि त्याची चेन घालून बघा, तेच मशीन वेगळं वाटतं. जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. बार घेताना त्यावर कोरलेले आकडे वाचा. या मशीनवर बहुतेक .३२५ पिच (कड्यांमधलं अंतर) आणि .०५८ गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) असतं, दोन्ही इंचात, १८ इंचाला ७२ कड्या, २० ला ७६, २२ ला ८६. तीन आकड्यांतला एक चुकला तरी चेन बसत नाही, किंवा बसते आणि उडते.

चेन नवी असताना बाभूळ लोण्यासारखी कापते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. खोडातून जाडसर छिलके पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा, कानस काढा. .३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, हातात असेल ती चालत नाही. तीस अंशांचा कोन धरून आतून बाहेर दोन-तीन हात, प्रत्येक दाताला तितकेच. एका बाजूला चार आणि दुसरीकडे दोन मारले की काप वाकडा जातो आणि दोष बारवर ढकलला जातो. तीन-चार वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवायचा, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. हे काम कुणी करत नाही, म्हणून धार असूनही चेन नुसती घासत राहते. उलट हावरटपणाने जास्त उतरवला तर चेन लाकडात गचके खाते आणि मशीन अंगावर येतं.

चेनची धार लाकडापेक्षा मातीने जास्त जाते. तापी-गिरणेच्या काठच्या झाडांच्या सालीत धूळ-वाळू भरलेली असते. बुंध्याची साल कुऱ्हाडीने तासून मगच बार लावावा. रस्त्याकडेच्या कडुनिंबात खिळे आणि पाटीची तार हमखास सापडते. कापात लाकूड निळं-काळं दिसलं की लोखंड जवळ आलंय समजा. वड-पिंपळाचा चीक चेनच्या सांध्यात सुकतो, संध्याकाळी डिझेलने धुऊन टाका. आणि केळीच्या बागेत हे मशीन नेऊच नका. खोडाचे धागे स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, असे गुंडाळतात की साफ करण्यात अर्धा दिवस जातो. तिथं विळाच बरा.

पेट्रोल-ऑइलच्या बाबतीत दुकानदार तोंडाला येईल ते सांगतो. या मशीनला साध्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण एकास पंचवीस धरा, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या कंपनीच्या मशीनला तिचंच ऑइल वापरलं तर एकास पन्नास, लिटरला २० मिली चालतं. तो हिशेब इथं लावला की पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने उभा खरवडला जातो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या मिश्रणात पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक होतो आणि मशीन सुरू होऊन लगेच बंद पडू लागतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिसळा. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

चेनला ऑइल पुरवणाऱ्या वेगळ्या टाकीत गाडीचं काळं, जुनं ऑइल ओतायची आपल्याकडे रीत आहे. फुकट असतं, खरं. पण त्यातला धातूचा कीस पंप खातो. भुसावळच्या उन्हाळ्यात पातळ ऑइल बारवर टिकत नाही, तेव्हा २०डब्ल्यू-५० सारखं जाड घाला. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा ऑइलची टाकीही जवळपास संपली पाहिजे. ती भरलेलीच राहिली तर छिद्र भुशाने बुजलंय.

उन्हात गरम मशीन बंद केलं की पुन्हा लवकर सुरू होत नाही, कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते. दोरी ओढून ओढून हात मोडण्यापेक्षा दहा मिनिटं सावलीत ठेवा. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका, आत दाब असतो, पेट्रोल उसळून सायलेन्सरवर पडतं. एअर फिल्टर मात्र आपल्या धुळीत दर दोन टाक्यांना झटका. धुवायचा तर साबणाच्या पाण्याने, आणि पुरता वाळल्यावरच बसवायचा.

मशीन दहा हजारांचं घेतलं म्हणून बाकी सामानात काटकसर करू नका. कापात ठोकायला प्लास्टिकच्या किंवा बाभळीच्या दोन-तीन पाचरी हव्यातच. लोखंडी पाचर चेनला लागली तर दात गेले. झाड पाडताना आधी खाच घ्यायची, झाड पडायचं त्या बाजूला, खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकं लाकूड बिजागरीसारखं शिल्लक. हे लाकूड पुरतं कापलं की झाड कुणाचं ऐकत नाही. एका अंगाला झुकलेली निलगिरी किंवा सुबाभूळ मागून सरळ कापली तर खोड उभं फाटून मागे उसळतं, तिथं नवशिक्याने हात घालू नये.

फांद्या उतरवायला बैलगाडीचा जुना नाडा वापरणारे खूप आहेत. तीस सेंटिमीटर जाड, तीन मीटर लांब ओली फांदी दोनशे किलोच्या घरात जाते, चिंचेची त्याहून जड. ती हातभर खाली पडून दोराला झटका बसला की भार कितीतरी पट होतो. १६ मिलिमीटरचा चांगला नायलॉन दोर घ्या आणि शेजारच्या खोडाला दोन-तीन वेढे देऊन हळूहळू सोडा. पॉलिप्रॉपिलीनचा रंगीत दोर वेढ्याच्या घर्षणाने वितळतो. हेल्मेट आयएस (भारतीय मानक) २९२५ चं, वर चढणाऱ्याला पूर्ण अंगाचा पट्टा आयएस ३५२१ चा. कमरेच्या पट्ट्यावर लटकणं धोक्याचं. तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याशिवाय बार उचलू नका. अंजन, चिंच, आंबा, साग यांना १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या शेतातलं असलं तरी.

सुट्या भागांच्या बाबतीत हे मशीन खरोखर उजवं आहे. कार्ब्युरेटर, सिलिंडर-पिस्टन, क्लच, स्टार्टरची दोरी, सगळं एकमेकांना बसतं आणि तालुक्याच्या बाजारात मिळतं. चोपडा-यावलच्या माणसाला मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट बघायची गरज नाही. सगळ्यात कच्चा भाग चेनचा ब्रेक. म्हणून मशीन दुकानातच भरून सुरू करायला लावा. अॅक्सिलरेटर ओढून हातापुढची ढाल पुढे ढकला, चेन क्षणात थांबली पाहिजे. मग बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. दुकानदार "घरी नेऊन बघा भाऊ" म्हणाला तर पुढचं दुकान बघा.