सुरंगीचे अत्तर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेल्या मार्चमध्ये सुरंगीच्या अत्तराची ६ मिलीची कुपी मी ३८० रुपयांना घेतली. आता तळाशी जेमतेम थेंबभर उरले आहे.

पहिल्या दिवशी निराशा झाली. ऐन मोसमात जुन्या फांद्यांनाच लगडणारी, पिवळ्या केसरांची ही फुले मधमाश्यांच्या गुणगुणीसकट ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो मधाळ, डोक्यात जाणारा ताजा वास या कुपीत सापडणार नाही. मनगटावर लावताच तेलकट गोडवा तेवढा जाणवला. मात्र दोन तासांनी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने विचारले, "माईंची पेटी कोणी उघडली?"

माई म्हणजे माझी आजी, बांदोड्याची. सुरंगीचा वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, सुकला तरी ती टाकत नसे. नऊवारीच्या घड्यांमध्ये ठेवी, कारण सुकल्यावरही या फुलांचा वास टिकून राहतो. ती पेटी घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भंगारात गेली. अत्तरात ताजे फूल नव्हते, ते सुकलेले फूल होते, हे मला आईच्या प्रश्नानंतर कळले. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कानात ठेवायला फाया मागितला.

वापराबाबत सांगायचे तर, अत्तरात अल्कोहोल नसल्यामुळे ते चटकन उडत नाही. एप्रिलच्या उकाड्यात मनगटावर सहा-सात तास सहज टिकले. पावसाळ्यात, दमट हवेत आणि भरलेल्या बसमध्ये तेच जड वाटते, तेव्हा अर्धा थेंब पुरे. सुती कपड्यावर लावल्यास तेलाचा डाग पडतो आणि तो निघत नाही. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात; या किमतीत चंदन मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ऑगस्टमध्ये त्याच दुकानातून घेतलेल्या दुसऱ्या कुपीला, चिठ्ठी तीच असूनही, साबणाचा वास होता. दुकानदार "नवा माल आहे" एवढेच म्हणाला.

खरी चूक मात्र माझीच. जूनमध्ये पणजीला कामावर जाताना मी ते रोज लावू लागलो. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःला वास येईनासा झाला, आणि नंतर आला तेव्हा पेटीऐवजी ओल्या छत्र्या आणि कार्यालयातील फायली आठवल्या. गंधाचे संदेश मेंदूत भावना आणि स्मृती हाताळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोचतात. २००४ चे नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी नाकातील गंधग्राही घटकांचा उलगडा केला. पण ती वाट आजीसाठी राखीव नसते, रोजचा दिवसही तिथूनच आत शिरतो. चतुर्थीनंतर मी कुपी बंद करून ठेवली आणि दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पेटी परतली, पण पूर्वीइतकी स्वच्छ नाही.

म्हणून रोजच्या वापरासाठी हे अत्तर मी सुचवणार नाही. त्यासाठी मोगऱ्याचे बरे. उरलेला थेंब कापसावर घेऊन आजीच्या एकुलत्या उरलेल्या नऊवारीत ठेवला आहे, डाग पडू नये म्हणून आधी कागदात गुंडाळून.