स्टीफनच्या पेनीची जुळी बहीण

इंग्लंडची मध्ययुगीन चांदीची नाणी जमवणाऱ्या मराठी मंडळींना सावध करण्यासाठी हे लिहितोय. इथल्या एका नाणेमेळ्यात राजा स्टीफनची (११३५ ते ११५४) म्हणून एक पेनी माझ्या गळ्यात मारली गेली. ती बनावट निघाली.

स्टीफन आणि गादीवर हक्क सांगणारी त्याची मामेबहीण मटिल्डा यांच्या यादवीत नाणी पाडण्याची घडी विस्कटली. त्यामुळे या राजाची पेनी बहुधा वेडीवाकडी, अक्षरं अर्धी उमटलेली, कडेला चिरलेली अशीच मिळते, आणि जाणकार तिच्यावर जीव टाकतात तेही त्यासाठीच. नाणं पाडायची रीतच तशी होती: खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा हातात धरलेला, मधे चांदीची चकती आणि वरून हातोडा. प्रत्येक घाव निराळा. शिवराई हाताळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

नेमका याच ओबडधोबडपणाचा विक्रेत्याने फायदा उठवला. अक्षरं पुसट का, असं विचारलं तर "स्टीफनचं नाणं असंच असतं," हे उत्तर तयार. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते पटलं. वजनही हवं तसं, १.४ ग्रॅमच्या आसपास. सोबत जुन्या संग्रहातली म्हणून एक पिवळट चिठ्ठी.

काही काळाने त्याने आणखी एक पेनी विकायला काढली. फोटो पाहून पोटात गोळा आला. कडेची चीर तीच, राजाचा चेहरा दुहेरी उमटला होता तोही त्याच जागी. एका ठशातून शेकडो नाणी निघतात, पण तीच चीर आणि तसाच हुकलेला घाव पुन्हा येत नाही. एका नाण्यावरून साचा काढून दोन्ही ओतली होती. भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे दिसले, कडेला कानशीने घासलेला सांधाही. पैसे परत मागताच फोन बंद.

विक्रेत्याने आधी विकलेल्या नाण्यांचे फोटो मिळतील तेवढे शोधा आणि चिरा जुळवून पाहा. नाणं कड दिसेल असं उभं धरून बघा. "शेतात एकत्र सापडली" असं कुणी सांगितलं तर कागद मागा: इंग्लंडमधल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार (सापडलेल्या खजिन्याचा कायदा) ३०० वर्षांहून जुनी चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तरी कोरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. आणि पावतीवर राजाचं नाव व "अस्सल" हा शब्द विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्या. पैसे त्यानंतरच द्या.