मुलीचा पासपोर्ट काढला, बापाच्या सहीशिवाय (४ स्टार)

माझा घटस्फोट म्युच्युअलने झालाय, लेकीची पूर्ण कस्टडी माझ्याकडे, ती आता सहा वर्षांची आहे. पासपोर्ट काढायचा म्हटल्यावर जो तो एकच सांगायला लागला, बापाची सही लागणार, त्याला फोन कर. आमच्या इथल्या एका एजंटने तर स्टॅम्प पेपर, नोटरी आणि वर त्याची फी असे साडेतीन हजार सांगितले. काही गरज नव्हती हो! नोटरीची भानगड २०१६च्या डिसेंबरातच काढून टाकलीये, साध्या कागदावरच्या घोषणापत्रावर स्वतःची सही चालते. आईबाप दोघांची संमती असेल तर घोषणापत्राचा नमुना अ‍ॅनेक्शर डी, एकाची नसेल तर अ‍ॅनेक्शर सी. मी सी भरला. फी हजार, पण आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट असते म्हणून नऊशेच गेले.

खरं काम कोर्टाच्या कागदाचं, म्हणजे घटस्फोटाच्या डिक्रीचं. वकिलाने दिलेली झेरॉक्स नेऊ नका, फॅमिली कोर्टात नकलेचा अर्ज करून शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी काढा. त्यात मला दोन आठवडे आणि तीन हाफ डे गेले, पासपोर्टपेक्षा जास्त वैताग तिथेच आला.

पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी असे तीन काउंटर ओळीने करायचे असतात. ए काउंटर पटकन झाला, फोटोच्या खुर्चीवर लेकीचं डोकं कॅमेऱ्यात येईना म्हणून तिथल्या ताईंनी तिला सरळ उभंच केलं. कागद तपासतात त्या बी काउंटरवर मात्र साहेबांनी फाइल उघडल्या उघडल्या विचारलं, "फादर कुठेत?" आणि तेही एवढ्या मोठ्याने की मागची लाइन माझ्याकडे बघायला लागली, लेक पण बघायला लागली. मी काही न बोलता डिक्रीचं पान पुढे केलं, कन्सेंट टर्म्समधल्या (दोघांनी मान्य केलेल्या अटींमधल्या) कस्टडीच्या कलमाला आदल्या रात्रीच पिवळी चिठ्ठी लावून ठेवली होती. त्यांनी ते दोनदा वाचलं, मागचा शिक्का बघितला आणि ठप्पा मारला. मग सी काउंटर, तिथे एकही प्रश्न नाही. एक स्टार कापलाय तो त्या मोठ्या आवाजासाठी. आमच्यासारख्या केसेस तिथे रोज येत असणार, जरा हळू विचारलं तर काय बिघडतं?

बापाचं नाव काढायचं का असंही खूप जणी विचारतात. आता एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं, पण जन्मदाखल्यावर आणि शाळेत आहे म्हणून मी राहू दिलं. नाव असणं वेगळं, सही लागणं वेगळं.

स्पीड पोस्टने नवव्या दिवशी आला, पाच वर्षांचा. म्हणजे अकराव्या वर्षी हीच फाइल परत काढायचीये, तेव्हा ती सर्टिफाइड कॉपी जपून ठेवा आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका. माझी आई ती घेऊन दुकानापर्यंत पोचली होती.