मशीन नाही, व्यायामाने घोटा बरा झाला

जूनमध्ये सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना ओल्या दगडावर डावा पाय आत वळला आणि घोटा मुरगळला. फॅमिली डॉक्टरांनी हाड दाबून बघितलं, चार पावलं टाकता येत होती म्हणून एक्स-रे नको म्हणाले, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) ताणलंय. आईने रक्तचंदन उगाळून लेप लावला, क्रेप बँडेज बांधलं, सूज उतरली. पण दीड महिना झाला तरी जिना उतरताना कळ यायची, रस्ता जरा वरखाली असला की पाय लचकायचा. मधे दुसरीकडे एका फिजिओथेरपीच्या ठिकाणी दहा दिवस नुसती मशीन लावून झोपवून ठेवायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घरी आलं की परत तेच.

मग या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आले. इथे मॅडमनी पहिल्या दिवशी भिंतीसमोर उभं केलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला आणि पायाचं बोट भिंतीपासून किती लांब राहतं ते टेपने मोजलं. उजवा 11 सेंमी, डावा फक्त 5. तेव्हा कळलं हो, घोटा पुढे वाकतच नव्हता, मग जिना उतरताना दुखणारच!

मग रोज थेराबँड (पायाने ताणायचा रबरी पट्टा), आधी लाल मग त्याहून कडक हिरवा. टाचा उचलणं आधी दोन्ही पायांवर, तिसऱ्या आठवड्यापासून एकट्या डाव्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग उशीवर. लिगामेंट दुखावलं की पाय नेमका कसा पडतोय ही जाणीव पण मंदावते, म्हणून तोच पाय परत परत मुरगळतो, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. थोडं दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर कमी करायचं, हे त्यांनी नीट समजावलं.

एका सिटिंगचे 500 घेतात, आठवड्यातून दोनदाच बोलावतात, बाकी घरी करायचं आणि ते खरंच करायला पाहिजे. तक्रार एकच, क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, पाय दुखणाऱ्या माणसाने चढायचं कसं? याचं काहीतरी कराच प्लीज. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, सकाळची वेळ घ्या.

आठ आठवड्यांनी डावा 10 सेंमीवर आलाय. जिना न धरता उतरते. आता आईच्या गुडघ्यासाठी शनिवारची वेळ घेतलीये.