वॉलपेपर काढलेल्या भिंतीला टर्पेंटाईनवाला प्रायमर: घ्यावा का?

हार्डवेअरच्या दुकानात ‘भिंतीचा प्रायमर द्या’ म्हटलं की काउंटरवर पाण्याचा प्रायमर येतो. साध्या भिंतीला तो चांगलाच. पण जिथे काही वर्षं वॉलपेपर होता, तिथे तोच प्रायमर पुढचं सगळं काम नासवू शकतो आणि बोल मात्र पेंटरला लागतो. अशा भिंतीला सॉल्व्हंट थिनेबल, म्हणजे टर्पेंटाईनमध्ये पातळ होणारा वॉल प्रायमरच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. एशियन पेंट्सच्या ट्रूकेअरमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. नाव जवळपास सारखंच असतं, म्हणून डब्यावर एसटी लिहिलंय की डब्ल्यूटी हे बघूनच पैसे द्या. एसटी म्हणजे टर्पेंटाईनचा, डब्ल्यूटी म्हणजे पाण्याचा.

सगळा घोळ खळीचा असतो. वॉलपेपरची खळ स्टार्चची किंवा सेल्युलोजची, पुष्कळदा त्यात कारागिरांनी फेविकॉलही मिसळलेलं. वाळल्यावर ती दिसत नाही, पाणी लागलं की पुन्हा फुगते. पाण्याचा प्रायमर तिला भिजवतो, मग सुकताना ती आकसते आणि वरचा थर ओढते. आधी केसासारख्या बारीक तडा, नंतर नखाएवढे पोपडे. पोपडा उलटा करून पाहा, मागे पिवळसर, चकचकीत पापुद्रा असेल तर ती खळच. टर्पेंटाईनमध्ये ती विरघळत नाही, म्हणून हा प्रायमर तिला न भिजवता वरून बंद करतो.

पण खळ न धुता वर प्रायमर फासला तर हाही वाचवणार नाही. व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या वॉलपेपरचा वरचा थर ओढला की निघतो, मागचा कागद भिंतीलाच राहतो. त्या भिंतीतल्या विजेचा एमसीबी (मुख्य बटण) बंद करा, कोमट पाण्याचा फवारा मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुट्टीची पट्टी अगदी आडवी धरून कागद सोलून काढा. पट्टी उभी धरली की गिलाव्यावर चरे पडतात आणि ते भरायला पुट्टी जास्त लागते. मग स्पंजने दोनदा, दर वेळी बादलीतलं पाणी बदलून भिंत पुसा. तेच गढूळ पाणी वापरलं तर खळ सगळीकडे सारखी पसरते, बस्स. धुऊन झालं की ओल्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर आणखी एक हात पुसावं लागेल. आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्चची खळ निळी-काळी होते, पण सेल्युलोजची होत नाही. बोटाचीच परीक्षा खरी.

या प्रायमरचा खरा वैरी ओल आहे. ओल्या भिंतीवर तो धरत नाही, पुढे फुगे येतात. व्हिनाइलमागे कोंडलेला ओलावा कोकणपट्टीत, मुंबईत हमखास सापडतो. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि 24 तासांनी बघा. आतून दव दिसलं तर काम थांबवा, गळती शोधा. पावसाळ्यात तर हा डबा उघडूच नये. काळी बुरशी असेल तर आधी ब्लीचच्या पाण्याने पुसा, पण टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

प्रायमरचा एक हात द्यायचा, रात्रभर सुकू द्यायचा आणि वर ॲक्रिलिक पुट्टीच लावायची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी इथे नको. तिला पाणी पिणारी भिंत लागते. प्रायमरने भिंत बंद झाल्यावर ती पकडत नाही, शिवाय हा प्रायमर तेलाचा असतो आणि सिमेंटचा क्षार त्याच्या थराला खातो. खोल खड्ड्यात गिलावा उघडा दिसत असेल, तर तेवढाच भाग प्रायमरच्या आधी सिमेंटच्या पुट्टीने भरून पूर्ण वाळू द्या. ॲक्रिलिक पुट्टीचे दोन पातळ हात द्या. जाड थर दिला की तडकतो. प्रत्येक हातामध्ये चार-सहा तास ठेवा, 120 आणि शेवटी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. टॉर्च भिंतीला लावून तिरपा मारला की उरलेले चरे दिसतात, ते तेव्हाच भरा. पुट्टी घासून धूळ पुसली की तिच्यावर पाण्याचा प्रायमर चालतो, खळ आता आत बंद झालेली असते.

हिशोब असा: 12 बाय 10 फुटांच्या भिंतीला, म्हणजे 120 चौरस फुटांना, दीड लिटर धरा. उघडा गिलावा जास्त पितो, म्हणून लिटरचे दोन डबे आणा. टर्पेंटाईन किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. जास्त घातलं की थर पातळ होतो आणि खळ मोकळीच राहते.

वास मात्र दोन दिवस जात नाही, हा मोठा उणेपणा. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, गॅस आणि देवघरातला दिवा लांब ठेवा. तान्हं मूल किंवा दमेकरी घरात असेल तर काम लांबवा, नाहीतर चार दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा. ब्रशही टर्पेंटाईननेच धुवावे लागतात. आणि वॉलपेपर काढताना पुट्टीसकट सगळं खाली आलं, भिंत पूर्ण गिलाव्यापर्यंत उघडी झाली आणि बोटाला बुळबुळीत काहीच लागत नसेल, तर हे पैसे वाचवा. तिथे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि पाण्याचा प्रायमर पुरेसा आहे.