सोळा फुटी बोट आणि ईरीचा वॉलआय: बाउन्सर घ्यावेत, बोर्ड घ्यावेत की आणखी काही?

गेल्या महिन्यात एका मित्राने जुनी १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. ट्रेलर दारात लागला आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, "वॉलआयसाठी आधी काय घेऊ? दुकानात अख्खी भिंत भरलीय." वॉलआय म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मित्र अमेरिकेत ओहायोत, ईरी सरोवराच्या काठाला राहतो. त्याला फोनवर जे घाईघाईत सांगितलं तेच इथे नीट लिहितो, कारण हाच प्रश्न छोटी बोट घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

ट्रोलिंग म्हणजे बोट आपल्या चालण्याहूनही हळू चालवत आमिष मागे ओढत नेणं. ईरी अफाट आहे आणि वॉलआय थव्याने फिरतो, त्यामुळे एका जागी गळ टाकून बसण्यापेक्षा शोधत फिरणं फायद्याचं. आता आमिष माशाच्या खोलीपर्यंत न्यायचं कशाने, हा खरा प्रश्न. त्यासाठी पाच साधनं आहेत. मी निवड करताना दोनच गोष्टी बघतो: आज मासा कुठल्या थरात आहे, आणि बोटीत मोकळे हात किती आहेत. दुसरी गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही, पण १६ फुटी बोटीत सगळं तिच्यावर अडतं.

सुरुवात बॉटम बाउन्सरने करा, असं मी ठामपणे सांगेन. इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली तार, तिच्या उभ्या दांडीवर शिशाचा गोळा, आणि आडव्या दांडीला चार-पाच फुटांवर क्रॉलर हार्नेस: फिरणारं पातं, रंगीत मणी, दोन गळ आणि त्यावर लांबच लांब ओवलेलं जाडजूड गांडूळ. दर दहा फूट खोलीला एक औंस शिसं हा ढोबळ हिशेब. २५ फूट पाण्यात अडीच औंस लावलं, वेग ताशी एक मैलाच्या आसपास ठेवला आणि दोरी पाण्यात साधारण ४५ अंशांत उतरत असली की झालं. दोरी फार मागे पसरली तर शिसं वाढवा किंवा वेग कमी करा.

याची खरी गोडी हातात कळते. तारेचं टोक तळाला टेकत टेकत जातं आणि ते सगळं रॉडच्या मुठीपर्यंत येतं. खडकावर कोरडी टकटक, शिंपल्यांच्या थरावर खरखर, चिखलात नुसता मऊ ओढा. मग एकदम टकटक थांबते आणि रॉडचं टोक सावकाश वाकायला लागतं. तिथे झटका देऊ नका. टोक तसंच मागे जाऊ द्या, वजन आलं की उचला. वॉलआय बऱ्याचदा गांडुळाचं शेपूट आधी धरतो, म्हणून तर दुसरा गळ मागे असतो.

खर्च कमी, बोटीला काही ठोकावं लागत नाही, एकटा माणूस आरामात दोन रॉड सांभाळतो. सरोवराच्या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम २४ फूट, तिथे मे-जूनमध्ये एवढ्यावरच भागतं.

पण बाउन्सर फक्त तळाशी चालतो. उन्हाळा चढला की बरेच वॉलआय पूर्वेला, मधल्या भागात सरकतात. तिथे ६०-७० फूट पाणी असतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी तळाच्या थंड थरातला प्राणवायू संपत जातो. मासा तिथे राहूच शकत नाही, तो वर अधांतरी तरंगतो. त्या दिवसांत तळ खरवडत फिरणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

इथे प्लेनर बोर्ड कामाला येतात. हाताएवढी फळी, दोरीला चिमट्याने अडकवायची. बोट पुढे गेली की ती पाणी कापत बाजूला सरकते आणि दोरी बोटीपासून ६०, ८०, १०० फूट दूर नेते. दोन बाजूंना दोन-दोन बोर्ड सोडले की आमिषांचा रुंद पट्टा तयार होतो. पण रुंदीपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपले या सरोवरांत शिरले आणि पाणी गाळून निवळ करून टाकलं. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, अंधूक पाण्यात त्याला चांगलं दिसतं. निवळ पाण्यात वरून मोटर गेली की वर आलेला मासा बाजूला पांगतो. बोर्डवरचं आमिष नेमकं त्या पांगलेल्या माशांतून जातं.

बोर्डमागे वसंतात क्रँकबेट, म्हणजे ओढलं की खाली जाणारं नकली माशाचं आमिष, लावा आणि ताशी दीड मैलाच्या आसपास चालवा. उन्हाळ्यात चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं लावून दोन ते अडीच मैलांपर्यंत जाता येतं. दोरीचे फूट मोजणारं रीळ मात्र घ्याच. क्रँकबेट किती खोल जाणार ते मागे किती दोरी सोडलीय आणि ती किती जाड आहे यावर ठरतं. मासा लागलेला आकडा लक्षात नसेल तर तो मासा नशिबाचा, पुढचा मिळेलच असं नाही. आणखी खोल जायचं असेल तर ५० फूट दोरी सोडा, तिथे चिमट्याने एक वजन लावा, पुन्हा ५० फूट सोडा आणि मग बोर्ड लावा.

वळताना डोळे बोर्डवर ठेवा. आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, बाहेरचा जोरात पळतो. वळणावर बाहेरच्या रॉडला मासे लागू लागले तर वेग वाढवा, आतल्याला लागले तर कमी करा. वेगाचा धडा मी पुस्तकातून नाही, असल्या वळणांवर शिकलो.

आता हातांची गोष्ट. मासा लागला की बोर्ड मागे पडतो. मग रीळ गुंडाळत बोर्ड बोटीपर्यंत आणायचा, वाकून चिमटा सोडवायचा, रॉड वर धरलेला हवा, दोरी ढिली पडता कामा नये, कोणीतरी सुकाणू धरलेलं हवं आणि शेवटी जाळी. एकट्याने हे जमतं, पण शांत पाण्यात आणि दोनच बोर्ड असतील तर. माझे दोन चांगले मासे याच क्षणी सुटलेत, एका हातात बोर्ड आणि दुसऱ्यात रॉड असताना. पांढरा बास नावाचा छोटा मासा लागला तर बोर्ड हलतही नाही, मैलभर तो तसाच ओढला जातो. म्हणून बोर्डला झेंड्याची पट्टी लावून घ्या, ती वाकलेली दिसते.

डिप्सी डायव्हर हा तिसरा पर्याय, आणि छोट्या बोटीसाठी तो मला मनापासून आवडतो. ताटलीसारखी चकती, पाण्याच्या दाबाने खाली जाते आणि खालची चकती फिरवली की डावी-उजवीकडेही सरकते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की ३०-४० फुटांवरचा तरंगता मासा आवाक्यात येतो. ओढ मात्र जबरदस्त असते. दणकट रॉड, न ताणली जाणारी विणलेली दोरी आणि पक्का बसवलेला रॉडहोल्डर हवा. प्लास्टिकचा स्वस्त होल्डर कधी तुटेल सांगता येत नाही.

लेडकोर म्हणजे पोटात शिसं असलेली दोरी, दर दहा यार्डांवर रंग बदलणारी, त्यामुळे 'पाच रंग सोडले' असं मोजतात. चालते छान, पण रीळ मोठं लागतं आणि गुंडाळायला वेळ जातो. पहिल्या वर्षी नको. डाउनरिगर तर १६ फुटीवर घेऊच नका: आठ-दहा पौंडांचा गोळा लाटेत झुलतो, जागा खातो आणि खर्च मोठा. सामन आणि लेक ट्राउटच्या खोल पाण्यात, मिशिगन किंवा ऑन्टॅरिओ सरोवरात, तो शोभतो.

या सगळ्याच्या आधी एक खरेदी मात्र नक्की करा. चाळीस अश्वशक्तीची मोटर ताशी एक मैलावर येत नाही. छोटी जोड-मोटर, पुढे विजेवरची मोटर, किंवा निदान दोन्ही बाजूंना पाण्यात सोडायच्या कापडी पिशव्या, यांपैकी काहीतरी लागेलच. पैसे मोजकेच असतील तर बोर्ड पुढच्या वर्षी घ्या, पण हे आधी.

बाउन्सरला एक मासा नक्की लागणार, शीप्सहेड. इथले बहुतेक लोक तो तोंड वाकडं करून परत टाकतात. आपण टाकू नये. आपला घोळ आणि ढोमी ज्या कुळातले, त्याच कुळातला हा गोड्या पाण्यातला भाऊ. लगेच बर्फात ठेवला तर मांस घट्ट राहतं आणि कोकम-तिरफळाच्या आमटीत सुटत नाही. डोक्यातून हस्तिदंतासारखे दोन खडे निघतात, पोरं ते जपून ठेवतात. वॉलआय रव्यात तळायला, शीप्सहेड आमटीला, अशी आमच्या घरची वाटणी आहे.

आणि लाटा. ईरी उथळ आहे, म्हणून वारा सुटला की लाटा पटकन उठतात आणि आखूड, उभ्या येतात. अंदाजातला 'दोन फूट' हा सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी असतो; एखादी लाट त्याच्या दुप्पट निघू शकते. माझी मर्यादा दोन फूट. बोर्ड असतील तर मी दीडवरच थांबतो, कारण बोर्ड सोडवायला काठावर वाकावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. इंजिन बंद करणारी दोरी सुकाणूवरच्याने अडकवायची. अमेरिकेत २६ फुटांखालच्या, ती सोय असलेल्या बोटींना वेगात जाताना एप्रिल २०२१पासून तो कायदाच आहे.

मित्राने शेवटी दोन बाउन्सर रॉड, डझनभर हार्नेस आणि विजेची मोटर घेतली. शनिवारी अंदाज बरा निघाला तर ओहायोतल्या ह्यूरन गावाहून सकाळी सहाला निघायचं ठरलंय. गांडुळं त्याची, बोर्डची एक जोडी माझी; माणसं दोन, म्हणजे चार हात आहेत.