कान्हाची फोटो टूर : ४५,५०० रुपये गेले, इंदूरकरांनो डोळे उघडे ठेवा

इंदुरात हौसेने कॅमेरा घेऊन फिरणारे आपण बहुतेक सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखतो. रविवारी सकाळी सिरपूरची पाळ नाहीतर यशवंतसागर, पावसाळ्यात पाताळपाणी, थंडीत महेश्वरचा घाट. मला ज्याने ४५,५०० रुपयांची टोपी घातली तो याच वर्तुळातून आला, म्हणून हे लिहितोय. नाहीतर स्वतःची शोभा करून घ्यायची मला हौस नाही. घरात अजून निम्म्या नातेवाइकांना सांगितलेलं नाही.

जुन्या सामानाच्या अ‍ॅपवर फौजी बनून कॅमेरा विकणारा, क्यूआर कोड पाठवून ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा, वीज कापू म्हणणारा, हे सगळे आपल्याला पाठ आहेत. मलाही होते. मी चोवीस तास लोकांची बिलं तपासणारा माणूस, आमच्या ऑफिसात व्हाउचरवर एक सही कमी असली तर परत पाठवतो. पण हा माणूस त्यातला नव्हता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तो कित्येक महिने होता, आणि तिथे तो काही विकत नव्हता. शिकवत होता.

तेही चुकीचं नाही. सालाच्या जंगलात पहाटे उजेड किती कमी असतो, एफ ६.३ ची, म्हणजे उजेड कमी आत घेणारी, लेन्स असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका, फोटोत दाणे आले तर नंतर काढता येतात, हललेला वाघ मात्र सरळ करता येत नाही, हे त्यानेच सांगितलं. जिप्सीत ट्रायपॉड नेऊ नका, लेन्स टेकवायची पिशवी, म्हणजे बीनबॅग, रिकामी न्या आणि तिकडे पोचल्यावर तांदूळ भरा. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलू नका. थंडीत जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आजही मी कुणाला हेच सांगीन. गटात दीडशेच्या वर माणसं, त्यात पंधरा-वीस वर्षं जंगलं तुडवलेले दिग्गज, कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग एकट्या मलाच का बोल लावायचा?

नोव्हेंबरात त्याने कान्हाच्या व्याघ्र प्रकल्पाची टूर गटात टाकली. दोन रात्री, चार सफारी, खटिया गेटजवळ मुक्काम, ‘फक्त फोटोग्राफर, एका जिप्सीत चारच जण’. माझ्याकडे कॅननचा क्रॉप बॉडी, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा, आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. बारशिंगा मैदानात लांब उभा असतो, त्याला ३०० पुरत नाही. तो म्हणाला, ‘भिया, लेन्स का टेन्शन मत लो, १५०-६०० मेरे पास है, किराए पे दे दूँगा.’ इंदुरात ही लेन्स भाड्याने घ्यायची तर दुकानदार मूळ ओळखपत्र, कोरा चेक आणि घराचं वीजबिल मागतो, वर दुकानात जाऊन हातात घेऊन तपासायची. इथे सगळं फोनवर, आणि लेन्स आयती जबलपूरला मिळणार. सोय कुणाला नको असते?

माझ्याबरोबर देवासचे भाऊजी तयार झाले. ते फोटो काढत नाहीत, पण वाघ म्हटला की निघतात. दोघांचे मिळून पैसे असे गेले : बुकिंगचे ११,०००. परमिट आणि जिप्सीचे १६,८००. लेन्सचं डिपॉझिट १५,०००. लेन्सचं तीन दिवसांचं भाडं २,७००. पहिली रक्कम एका ट्रॅव्हल्सच्या नावावर गेली, बाकीच्या एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. इथे तरी थांबायला हवं होतं असं आता सगळेच म्हणतात. पण आपल्याकडे निम्मे टूरवाले बायकोच्या खात्यात पैसे घेतात हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

माझ्या जिवाला लागलं आहे ते वेगळंच.

परमिटची पीडीएफ आली ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडा, एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. वर वन विभागाचं चिन्ह, खाली तक्ता. मी काय पाहिलं? माझं आडनाव. आमचं आडनाव इथल्या कागदांवर आजवर धड आलेलं नाही. रेशनकार्डावर एक, मतदार यादीत दुसरं, मुलाच्या गुणपत्रिकेवर तिसरंच. मराठी आडनाव म्हटलं की हिंदी बाबू एक मात्रा इकडची तिकडे करणारच. या परमिटवर मात्र अक्षर न अक्षर बरोबर. मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि खूश झालो. बरोबर असणारच, माझ्याच आधारच्या फोटोवरून उतरवलं होतं!

त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलं होतं : बुधवार, सायंकाल.

मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात बुधवारी संध्याकाळची सफारी नसते. कान्हा, बांधवगड, पेंच, कुठेच नाही. हे मला माहीत होतं, निदान कधीतरी वाचलेलं होतं. पण मी आधी ताडोबाला जाऊन आलेलो, तिथे सुट्टी मंगळवारची, आणि माझ्या डोक्यात तो मंगळवारच बसलेला. मंगळवार टाळलाय ना, मग ठीक. आडनावावरून नजर बोटभर खाली सरकली असती तर त्या क्षणी ११,००० गेलेले असते, पण ३४,५०० वाचले असते, कारण परमिटचे, डिपॉझिटचे आणि भाड्याचे पैसे मी ती पीडीएफ पाहिल्यानंतर पाठवले. पोळी संपवून, हात धुऊन, नीट बसून पाठवले.

डिसेंबरात ओव्हरनाइट एक्स्प्रेसने जबलपूरला उतरलो. लेन्स घेऊन येणारा माणूस नाही. टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, लेन्स मुक्कीला, कान्हाच्या दुसऱ्या गेटला, दुसऱ्या ग्रुपबरोबर आहे, संध्याकाळी हातात देतो. मुक्की बालाघाटच्या अंगाला, आम्ही मंडल्याकडून जाणार, तरीही मी ‘बरं’ म्हणालो. टॅक्सीला ४,२०० ठरवले. वाटेत मंडल्यात बीनबॅगसाठी तीन किलो तांदूळ घेतला, दुकानाच्या पायरीवर बसून मी आणि भाऊजींनी तो ओंजळीने भरला. रिसॉर्ट होता, खरा होता, नावही तेच. काउंटरवरच्या मुलाने दोनदा रजिस्टर चाळलं. आमचं बुकिंग नव्हतं. तोवर टूरवाल्याचा फोन बंद.

तरी मला वाटत होतं की परमिट तर आहे, रिसॉर्टचा घोळ नंतर निस्तरू. खटियाच्या खिडकीवर फोन पुढे केला. तिथल्या माणसाने पीडीएफ वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. ‘आज बुधवार है साहब. शाम को गेट खुलता ही नहीं.’ भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

तो खिडकीवरचा माणूस भला होता एवढं लिहायला हवं. त्यानेच सांगितलं की खरं परमिट वन विभागाच्या एमपीऑनलाइनच्या पोर्टलवरूनच निघतं, आपलं आपल्याला काढता येतं, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र ताडून पाहतात. मग मधल्या माणसाची गरजच काय? फार तर जिप्सी आणि खोलीपुरती. टूरवाल्याकडून जाणार असाल तर खोलीचं बुकिंग थेट हॉटेलला फोन करून विचारा, आणि तो फोन नंबर टूरवाल्याने दिलेला नको, स्वतः शोधलेला हवा. मी त्याने दिलेल्या नंबरवर विचारलं होतं. पलीकडून ‘यस सर, कन्फर्म सर’ म्हणणारा कोण होता देव जाणे.

आता खरा तमाशा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तिथूनच फोन लावला, तो लगेच लागला, तक्रार घेतली, क्रमांक मिळाला. इथपर्यंत ठीक. ज्याचे पैसे जातील त्याने आधी हेच करा, पोलीस ठाण्याच्या वाटेला नंतर लागा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात आणि प्रत्येक तासाला काहीतरी कमी होतं. माझे पाठवून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे साखळीतल्या एका खात्यात फक्त ३,९४० रुपये गोठवता आले. तेही माझ्या हातात नाहीत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ३,९४० रुपयांसाठी वकील किती घेईल ते विचारलं, उत्तर ऐकून चहा पिऊन परत आलो.

तिकडच्या चौकीत म्हणाले, पैसे इंदूरहून गेले, इंदुरात जा. इंदुरात ठाण्यात म्हणाले, फसवणूक तर तिकडे झाली, तिकडे का नाही दिली? मी म्हटलं, नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, खबर घ्यावीच लागते. यावर समोरचा साहेब हसला आणि शेजारच्याला म्हणाला, ‘वकील साहब आए हैं.’ मग विचारलं, कितीचा मामला? ४५,५००. ‘बस?’ हा ‘बस’ मी विसरणार नाही. त्यांच्या लेखी तो बस असेल, माझी दोन वर्षांची दिवाळीची बचत आहे. सायबर शाखेत पाठवलं, सायबर शाखेने रक्कम छोटी म्हणून परत ठाण्यात पाठवलं. साहेब बंदोबस्ताला. साहेब कोर्टात पेशीला. साहेब जेवायला. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. अर्जाची पोच घेताना शिपायाने मलाच समजावलं, ‘लालच में नहीं पड़ना चाहिए.’ लालच कसला? बाजारभावापेक्षा एक रुपया स्वस्त नव्हतं ते!

आणि बँक. मॅनेजरबाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना? रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा जो नियम आहे, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तो तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. स्वतः पाठवलेल्या पैशाला नाही. नियम म्हणून त्यांचं बरोबर असेल. पण ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना त्या बँकेने कुणाची कागदपत्रं पाहिली, हे विचारायचा हक्क मला नाही का? लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, म्हणून दिवस मोजत बसलोय. मध्ये बँकेचा मेसेज आला : आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

आधारची पूर्ण प्रत पाठवली हे दुखणं वेगळं. तुम्ही पाठवू नका. आधारच्या संकेतस्थळावरून झाकलेली प्रत मिळते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मी आता बायोमेट्रिक लॉक केलंय, बैल गेला नि झोपा केला.

लेन्सबद्दलही सांगून टाकतो. भाड्याची असो की जुनी विकत, डिपॉझिट लेन्स हातात आल्यावरच द्यायचं. समोरच्याला सांगा, आजच्या वर्तमानपत्रावर लेन्स ठेवून, सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढून पाठव. ज्याच्याकडे लेन्स आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. हातात आली की मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीची जाळी दिसते का बघा, माउंटचे स्क्रू घासलेले आहेत का बघा, आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पूर्ण झूमला पाच-सहा फोटो काढा. आणि गटात कुणी वाघाचे फोटो टाकत असेल तर मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, मागा. याचे वाघ मी नंतर इमेज सर्चला टाकले, तिघा वेगवेगळ्या माणसांचे निघाले, त्यातला एक तर बांधवगडचा!

तांदूळ घरी आणला. बायकोने निवडला, धुतला, आठवडाभर खाल्ला. ‘मंडल्याचा आहे, छान मऊ होतो’ म्हणाली. मी गप्प.

गटाच्या अ‍ॅडमिनने त्याला काढलं, पण मी सगळं टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘आधी दोन्ही बाजू ऐकू’ म्हणे. दुसरी बाजू फोन बंद करून बसली होती.

त्याच टूरचे पैसे आणखी दोघांनी दिल्याचं कळलंय. एक राजेंद्रनगरचे, एक उज्जैनचे. दोघेही लाजेने तक्रार द्यायला तयार नाहीत. अजून कुणी असेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि चॅटची छापील प्रत घेऊन रविवारी सकाळी सिरपूरला भेटा. माझा अर्ज टाइप करून तयार आहे, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ टाकलंय, खाली नावांसाठी जागा सोडलीय. तिघा-चौघांची रक्कम मिळून दोन लाखांच्या पुढे गेली तर ‘बस’ म्हणणाऱ्या साहेबाकडेच पुन्हा जाणार आहे.